चारशे तेरावा दिवस

१

मंगळवारी सव्वाअकरापासून चार वाजेपर्यंत प्रसूतिकेंद्रातला फोन एकदाही वाजला नाही, आणि कुणाला त्याचं काही वाटलंही नाही. उलट आज जरा निवांत आहे म्हणून सुईणींनी पाय लांब केले. एकीनं स्वेटरच्या बाहीचे राहिलेले टाके पुरे केले. बायका काय ठरवून थोड्याच बाळंत होतात! असतो एखादा दिवस असा.

चार वाजून पाच मिनिटांनी एक माणूस धावत आत आला. कोपऱ्यावर चष्म्याच्या काचा घासून देणारा, गरीब स्वभावाचा माणूस. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या, पायात दोन वेगवेगळ्या चपला. तो ओरडला नाही. त्यानं मोबाइल टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, "अकरा वेळा केला. कुणी उचलला का नाही?"

त्याचं मूल घरीच झालं होतं, त्याच्याच हातांत. नाळेचा वेढा गळ्याभोवती होता आणि तो सोडवायचा कसा, हे सांगणारं कुणी नव्हतं. आता ते मूल रुग्णालयात काचेच्या पेटीत होतं. जन्मल्यापासून ते रडलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी तारताईला बोलावणं आलं.

खरं नाव हजेरीपटावर. बाकी सगळीकडे ती तारताईच. केंद्रातला कॉम्प्युटर, फोन, त्यांच्या तारा, सगळं तिच्या हाताखालचं. सात महिन्यांपासून ती बाळंतपणाच्या रजेवर होती. सासूबाईंचे गुडघे धरलेले, नवरा कामावर, म्हणून लेकीला कडेवर घेऊनच आली. मशीनच्या खोलीची किल्ली शोधायला तिनं दारातच पिशवी उलटीपालटी केली. लंगोट, खुळखुळा, लसीकरणाची पुस्तिका, तिच्या पानांतून डोकावणारी कसलीशी पिवळी कड, आणि तळाशी एकदाची किल्ली.

केंद्राचे फोन उचलणारी फोनमावशी तिच्या खुर्चीत नव्हती. बाहेर बाकावर, बघायला आलेल्या पाहुणीसारखी हात मांडीवर ठेवून बसली होती. लेकरू दिसताच तिचे हात आपोआप पुढे आले.

"दे इकडे. अगं बाई, केवढी झाली ही! पोटात होती तेव्हा हिनंच तुला खुर्चीवरून उठवलं होतं, आठवतं का? दर कळेला डोळे मिटायचीस आणि तुझं बोट त्या बटणावर टक्कन पडायचं. मी म्हटलं, उठ गं, नाहीतर त्या कर्नलच्याच मांडीवर बाळंत होशील."

"मावशी, कर्नल म्हणजे कुणी लष्करातला माणूस नव्हे. मशीनचा गाभा असतो तो."

"असेल बाई. त्याच्यापायी तुला जेवण टाकून बसलेली पाहिलंय, म्हणून वाटलं." मावशी हसली आणि हसता हसताच तिचा चेहरा उतरला. "मोठ्या बाई म्हणतात मी फोनची तार उपटली. म्हणजे मला डुलकी काढता यावी. मला काढून टाकल्याचं पत्र टाइप होऊन पडलंय. पाच वाजता केंद्राच्या समितीपुढे सही."

तारताईला हसूच आलं. बावीस वर्षं फोनशी संसार केलेली बाई! "काहीतरीच. तू कशाला तार उपटशील?"

मावशीनं बाळाच्या जावळावरून हात फिरवला.

"उपटली ना," ती म्हणाली.

२

"उपटली, फुंकर मारली आणि परत खोचली. एक वाजला होता. अगं, मी डबा उघडला की फोन वाजतो हा सृष्टीचा नियम आहे. मंगळवारी अख्खा डबा मी गरमागरम खाल्ला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. रिसीव्हर उचलला तर सूर येत होता. तरी म्हटलं, बघावं. जुन्या फोनला आपण करायचो तसं केलं. आणि नेमक्या तेव्हाच बाई दारात."

"बाहेर एक फोन लावून नाही पाहिलास?"

"तुझाच नियम की! ही लाइन फक्त येणाऱ्या फोनांसाठी. आपण अडवून बसायची नाही."

नियम तारताईचाच होता.

मोठ्या बाई, म्हणजे केंद्राच्या प्रमुख, आपल्या खोलीत मोबाइल छातीशी धरून बसल्या होत्या. टेलिफोनवाल्यांना सांगून मंगळवारपासून केंद्राचे फोन त्यांनी आपल्या मोबाइलवर वळवून घेतले होते. एका वेळी एकच. काल दोघींचे फोन त्यामुळे परत गेले होते. बाईंच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"तिच्यावर माझा राग नाही," बाई म्हणाल्या. "पण मी डोळ्यांनी पाहिलंय. तार तिच्या हातात होती. आणि तो माणूस रोज येतो. भांडत नाही, काही मागत नाही. दारात उभा राहून विचारतो, कोण? मी त्याला काय सांगू, कुणीच नाही?"

"मशीनला कुणी हात लावला?"

"कुणीही नाही. मी सक्त ताकीद दिली, तारताई येईपर्यंत त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. मावशी मात्र सकाळी जाऊन तिथल्या पाटीवर रोजचा आकडा लिहून आली. अडवलं नाही मी. बावीस वर्षांचं वळण."

बाईंनी एक कागद पुढे सरकवला. चष्मेवाल्याच्या मोबाइलवरून त्यांनी अकराही फोनांच्या वेळा उतरवून घेतल्या होत्या. कुणाला तरी शिक्षा द्यायची तर ती नीटनेटकी असावी, असा त्यांचा स्वभाव. तारताईनं कागद वाचला आणि पुन्हा वाचला.

"बाई, मावशीनं तार ओढली एक वाजता."

"हो. जेवणाच्या सुट्टीत."

"पहिला फोन अकरा चाळीसचा आहे. तोही लागलेला नाही."

बाईंनी चष्मा पुसला. "म्हणजे तिनं आधीही एकदा ओढली असेल," त्या थकून म्हणाल्या. "ओढली नाही, हे कोण सांगणार?"

"मशीन सांगेल," तारताई म्हणाली. तेव्हा तिला फार शहाणपणाचं वाटलं ते बोलणं.

३

मशीनची खोली म्हणजे अडगळीच्या खोलीला चढवलेली बढती. एक टेबल, एक कॉम्प्युटर, वीज गेली तर मशीनला धरून ठेवणारी बॅटरीची पेटी, आणि भिंतीवर टेलिफोनवाल्यांची पांढरी डबी. डबीवरचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. म्हणजे रस्त्यापासून भिंतीपर्यंत सगळं ठीक.

ही लाइन डिजिटल होती. तार एकच, पण तिच्यातून दोन वाटा जायच्या. एकीवर एक बाई कळा मोजत असताना दुसरीवर दुसरी बोलू शकायची. तारताईनंच भांडून ती आणली होती. डबीतून तार निघायची ती कॉम्प्युटरच्या पोटातल्या कार्डात. तिथून कॉम्प्युटर येणारे फोन मावशीच्या टेबलावरच्या दोन फोनांकडे पाठवायचा. रिसीव्हरमधला सूर मात्र कॉम्प्युटरशेजारच्या, आतल्या फोनांच्या पेटीचा, घरातल्या घरातला. बाहेरचं जग बुडालं तरी तो येतच राहिला असता.

टेबलावर पाटी होती. मशीन न थांबता किती दिवस चाललं, त्याचा आकडा मावशी रोज सकाळी तिच्यावर खडूनं लिहायची. आधी गंमत होती, मग तो केंद्राचा मान झाला. शंभराव्या दिवशी सगळ्यांना गोड मिळालं, दोनशेव्या दिवशी मिळालं, चारशेव्यालाही. आकडा मोडायचं पाप आपल्या हातून होऊ नये म्हणून माणसं त्या खोलीत दबक्या पावलांनी वावरायची. आज पाटीवर होतं: ४१३.

बदली दाराशी उभा होता. तारताईच्या रजेत तिच्या जागी आलेला. नाव विचारायच्या आधीच त्याचं नाव पडून गेलं होतं.

"ताई, आईशप्पथ, मी काहीच केलं नाही. सात महिन्यांत मी नुसती धूळ पुसलीय. तीसुद्धा श्वास रोखून."

"तुला कोण काय म्हणतंय? चहा घेऊन ये जा, दोघांना."

ती बसली. खुर्चीला अजून तिच्या पाठीचा खोलगट आकार होता. सात महिन्यांपूर्वी पोट टेबलाला लागायचं म्हणून हात लांब करून टाइप करावं लागे. आज टेबल फार जवळ वाटलं.

कार्ड आपल्या जागी होतं, पण मशीनला त्याचा पत्ताच नव्हता. ओसरीवर पाहुणा बसलाय आणि घरातल्या कुणालाच ठाऊक नाही, तशातली गत. तार ओढल्यानं असं होत नाही. तार ओढली तर मशीन कुरकुरतं, परत खोचली की गप्प बसतं. मावशीची फुंकर निर्दोष होती.

मग तिनं मशीनला अगदी साधा प्रश्न विचारला: कधीपासून जागं आहेस?

उत्तर क्षणात आलं. एक दिवस, बावीस तास.

तिनं पाटीकडे पाहिलं. चारशे तेरा. मग मनगटावरच्या घड्याळात. सव्वानऊ. बोटांवर मागे मोजत गेली आणि मंगळवार, सकाळी सव्वाअकरा, इथे येऊन थांबली.

मंगळवारी कुणीतरी मशीन बंद केलं होतं. आणि तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

४

टिक टिक ऐकू येत होती म्हणून तिनं मान वर केली. बॅटरीच्या पेटीच्या बरोबर वर भिंतीवर एक घड्याळ होतं. सात महिन्यांपूर्वी ते नव्हतं. खाली फरशीच्या कडेला विटकरी भुकटीची बारीक रेघ.

बदली चहा घेऊन आला. "घड्याळ कधी लागलं रे?"

"मंगळवारी. मोठ्या बाईंनीच सांगितलं होतं. प्रत्येक खोलीत एक."

"आणि भिंतीला भोक पाडायला वीज कुठून घेतली? या खोलीत तर एकच सॉकेट आहे."

बदलीनं चहा टेबलावर ठेवला. "ते वायरमनकाकांना ठाऊक."

वायरमनकाका मागच्या अंगणात पाण्याच्या पंपाशी सापडले. केंद्रातली विजेची सगळी कामं तेच करत. मोठ्या आवाजाचा, मऊ मनाचा माणूस. तारताईनं घड्याळ म्हटल्याबरोबर त्यांचा आवाज खाली आला.

"दोन मिनिटं गं. फक्त दोन मिनिटं. बॅटरीच्या पेटीची पिन काढली, ड्रिल लावलं, भोक पाडलं, पिन परत. मला वाटलं बॅटरी आहे, धरेल मशीनला."

"बॅटरी पाच वर्षांची झालीय, काका. ती स्वतःलाच धरत नाही."

"मला काय ठाऊक! दिवे गेले, परत आले. मशीन आपलं आपण सुरू झालं. घुर्रर्र आवाज ओळखीचा. मग मी पाटी पाहिली." काकांनी हातातला पाना उगाचच पुसला. "चारशे अकरा. म्हटलं, मावशी बिचारी रोज लिहिते. कशाला तिचं मन मोडायचं? सुरू तर झालंय."

"मावशीला काढताहेत, काका. पाच वाजता."

काकांनी पाना खाली ठेवला. "मग माझं नाव सांग," ते म्हणाले. "सांग जा. मी काय नाही म्हणणार नाही."

तारताई वळली आणि चार पावलांवर थांबली. सगळं जुळत होतं आणि तरी एक टाका सुटत होता. या मशीननं जुन्या दिवसांत दहा वेळा तरी वीज जाताना पाहिली होती. दरवेळी ते उठायचं, आळस द्यायचं आणि फोनची लाइन हातात घेऊन कामाला लागायचं. मग याच वेळी कार्ड का विसरलं? झोपी गेलेलं मशीन आणि जागं झालेलं मशीन एकच होतं ना?

हा प्रश्न मनात आला तशी ती थेट मशीनच्या खोलीत परत गेली.

५

गाभा बदलता येतो. तो तिचा नेहमीचा उद्योग होता. नवी आवृत्ती आली की ती आणायची, मशीन प्रश्न विचारायचं: हे हवं? ते हवं? दोन हजारांवर प्रश्न. म्हणून जुन्या उत्तरांची फाइल तशीच पुढे द्यायची आणि फक्त नवीन प्रश्नांना उत्तरं द्यायची. बहुतेकांना नुसतं एन्टर. एन्टर म्हणजे, तुला योग्य वाटेल ते कर बाबा. मग तास-दीड तासात नवा गाभा बांधून होतो आणि गाभ्यांच्या यादीत पहिल्या नंबरवर जाऊन बसतो. पण चालू मशीन आपलं जुन्याच गाभ्यावर चालत राहतं. नवा उठतो तो पुढच्या वेळी मशीन बंद होऊन सुरू होईल तेव्हा. उद्या होईल, नाहीतर सात महिन्यांनी.

आणि प्रत्येक गाभ्याच्या कपाळावर त्याची जन्मवेळ लिहिलेली असते. तारीख, तास, मिनिट. आणि बांधणाऱ्याचं नाव.

तिनं ते मागवलं. एकच ओळ आली.

बाहेरच्या बाकावर तिची लेक खिदळत होती. मावशी कसलंसं गाणं जागच्या जागी रचून म्हणत होती. तारताईनं ती ओळ वाचली. ती तारीख पाठ करायची तिला गरज नव्हती. लसीकरणाच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तीच तारीख होती. तिथे वेळ होती संध्याकाळी सहा दहा. इथे होती दुपारी बारा चाळीस. त्या दिवशी तिच्या हातून दोन जन्म झाले होते, आणि बांधणाऱ्याच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, तारताई.

तिनं जुन्या उत्तरांची फाइल उघडली, शेजारी नवी उघडली आणि दोन्हींवर बोट फिरवत खाली आली. जुनीत टेलिफोनच्या कार्डापुढे 'हो' होतं. नव्या आवृत्तीत त्या सगळ्या प्रश्नांच्या डोक्यावर एक नवा प्रश्न आणून बसवला होता: डिजिटल टेलिफोन लाइनचा आधार हवा का? काही न लिहिता एन्टर दाबलं, तर 'नाही'. आणि वरच नाही म्हटलं की खालचं काही विचारायचं कारणच उरत नाही. जुनी 'हो' एकेक करून गुपचूप पुसली गेली होती.

दर कळेला डोळे मिटायचीस आणि तुझं बोट त्या बटणावर टक्कन पडायचं.

मशीननं विचारलं होतं. अगदी सरळ विचारलं होतं. ती डोळे मिटून होती.

मग मशीन बंद-चालू करून का नाही पाहिलं? तेही आठवलं. पाटीवर एकशे नव्व्याण्णव होतं. उद्या दोनशे. मावशीनं गोडाची सगळी तयारी केली होती.

पण थांब. तिनं चिठ्ठी लिहिली होती! आता स्पष्ट आठवलं. पिवळी, चिकटणारी चिठ्ठी. मशीन बंद करण्याआधी मला विचारा. ती स्क्रीनवर लावली असणार. म्हणजे ती कुणीतरी काढली.

"बदली," तिनं हाक मारली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "स्क्रीनवर माझी चिठ्ठी होती. तू काढलीस?"

बदली दारातून आत आला.

६

"नव्हती हो ताई. पहिल्या दिवसापासून शोधतोय मी. खण पाहिले, टेबलाखाली पाहिलं. म्हटलं, ताईंनी काहीतरी लिहून ठेवलं असेलच. तुम्ही असं कसं सोडून जाल?"

तो रडकुंडीला आला होता. आणि तारताईच्या मनात, अगदी आतल्या कोपऱ्यात, एक बारीकसा आनंद झाला. होती म्हणे, नव्हती म्हणे, कोण ठरवणार? ती ओळ वाचता येणारी या इमारतीत दोनच माणसं, आणि दुसरं हे घाबरलेलं. चिठ्ठी हरवली म्हटलं की बदली. पिन काढली म्हटलं की काका. दोन्हींत खोटं काहीच नाही. घरी सात महिन्यांचं लेकरू.

तेवढ्यात मावशीच दारात आली. कडेवर बाळ. "तुझी पिशवी उचकली गं हिनं, पुस्तिका तोंडात घालत होती," मावशी म्हणाली. "आणि हे काय आहे बघ. मुठीतून सोडत नाही."

बाळाच्या मुठीत पिवळा कागद होता. एक कोपरा लाळेनं भिजलेला. बाकीचं वाचता येत होतं:

*मशीन बंद करण्याआधी मला विचारा. नवा गाभा अजून तपासलेला नाही.*

तिनं लिहिली होती. पिशवी बंद करताना हात मोकळा हवा म्हणून मनगटावर चिकटवली होती. मग कळ आली, मावशीनं धरून गाडीत बसवलं, आणि चिठ्ठी तिच्याबरोबरच निघून गेली. रुग्णालयाच्या कागदांत, तिथून पुस्तिकेत. दर महिन्याला ती पिवळी कड तिला दिसत होती. पुढच्या लशीची खूण असेल, असं वाटायचं.

मावशीला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं. पण तारताईचा चेहरा तिला चष्म्याशिवाय वाचता येत होता. तिनं बदलीला डोळ्यांनीच बाहेर घालवलं.

"तुझ्या हातून झालं?"

तारताईनं होकारार्थी मान हलवली.

मावशीनं बाळाला थोपटलं. मग तिनं ती मूठ हलकेच सोडवली, कागद काढून घेतला आणि घडी घातली. "माझी दोनच वर्षं राहिलीत," ती म्हणाली. "पत्र टाइप झालेलंच आहे. तार माझ्या हातात सगळ्यांनी पाहिलीय. तुझं पोर लहान आहे. कशाला दोन चुली विझवायच्या?"

"मावशी, दे ते."

"ऐक माझं."

"बावीस वर्षं फोन उचललास तू. लोक म्हणतील, झोपण्यासाठी बंद केला. दे."

मोठ्या बाईंनी सगळं ऐकलं. अकरा चाळीसचा फोन, एक वाजताची तार, पाटीवरचा आकडा आणि मशीनचा आकडा, भिंतीवरची भुकटी, दोन मिनिटांची पिन, कपाळावरची जन्मवेळ. तारताई एकेक गोष्ट टेबलावर ठेवत गेली आणि शेवटी ओला पिवळा कागद ठेवला. बाईंच्या टेबलावर टाइप केलेलं पत्र होतंच.

"घड्याळ मी लावायला सांगितलं," बाई म्हणाल्या. "सुईणी वेळ चुकीची लिहितात म्हणून." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "आता या पत्रावर कुणाचं नाव घालू मी?"

"माझं."

"आणि लाइन कोण सुरू करणार?"

याला तारताईकडे उत्तर एकच होतं, आणि ते देताना तिला बाईंकडे बघवेना. "मीच."

"तुझ्याशिवाय कुणाला येत नाही, हेच सांगतेयस ना मला?" बाई कडवट हसल्या. "जा. आधी ते कर. पाच वाजेपर्यंत नाव कोरं राहू दे."

"वेळ किती लागेल?" असंही बाईंनी मागून विचारलं. तारताईला ते ऐकू आलं, पण तिनं ऐकू आलं नाही असं दाखवलं.

७

कारण दोनच मिनिटं लागणार होती.

जुना गाभा कुठे गेला नव्हता. यादीत दुसऱ्या नंबरवर निमूट बसून होता. मशीन बंद करायचं, चालू करायचं, यादी दिसली की एक घर खाली यायचं आणि एन्टर. मंगळवारी सव्वाअकराला कुणीतरी एवढं केलं असतं, तर अकरा चाळीसचा फोन मावशीनं उचलला असता. वेढा कसा सोडवायचा, हे तिला सुईणींपेक्षा बरं सांगता येत होतं. बोट घाल, हळूच, डोक्यावरून काढ. बावीस वर्षांत चौघांना तिनं असंच सांगितलं होतं.

खोलीत सगळे जमले. काका, बदली, मागे बाई. मावशीनं बाळाला एका हातावर पेललं आणि दुसऱ्या हातानं पाटी पुसली. तळहात पांढरा झाला.

तारताईनं मशीन बंद केलं. ती घरघर थांबली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक फार मोठी झाली. मग चालू. यादी आली. ती एक घर खाली आली. या वेळी डोळे उघडे ठेवून, ओळ पुरती वाचून, तिनं ते बटण दाबलं. तेच बटण.

अक्षरं पळत गेली. त्यांत कार्डाची ओळ आली, लाइनची ओळ आली. पहिली वाट, दुसरी वाट. बाईंनी टेलिफोनवाल्यांना सांगून फोन परत केंद्राकडे वळवले.

मावशी जाऊन आपल्या खुर्चीत बसली. कुणी तिला बस म्हटलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. पाच मिनिटं झाली. सात झाली. आणि फोन वाजला.

"बोला," मावशी म्हणाली. तिचा फोनवरचा आवाज वेगळाच होता, उबदार आणि रुंद. "हो. हो, उचललाय. चालू आहे बाळा." ती ऐकत राहिली. "नाही, काही काम नसलं तरी चालेल. कर तू फोन."

तिनं रिसीव्हर हातानं झाकला. "चष्मेवाला आहे. चालू झाला का, ते बघत होता. म्हणतो, तिथं बसून दुसरं काही करता येत नाही."

"मूल?" काकांनी विचारलं.

मावशीनं मान हलवली. अजून नाही.

तारताई पुढे झाली. तिनं हात पुढे केला आणि तो हवेतच राहिला. काय बोलणार होती ती? कोण, असं तो तीन दिवस विचारत होता. त्याला मिळणार काय होतं? एक नाव. त्यानं पेटीतलं मूल थोडंच रडणार होतं!

"मी फार वेळ घेतला तर?" ती पुटपुटली. "दुसऱ्या कुणाला लागणार नाही."

"दुसरी वाट मोकळी आहे," मावशी म्हणाली, आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. "तूच आणलीस ना? बोल."

तिनं तो कानाला लावला. पलीकडे त्याचा श्वास होता, आणि त्याच्यामागे कुठल्यातरी यंत्राची बारीक, सारख्या अंतरानं येणारी पिकपिक.

"मी तारताई," ती म्हणाली. "तुम्ही विचारत होता ना, कोण. मी." आणि तिनं सांगितलं. गाभा म्हणजे काय, ते सांगितलं नाही. कळा सांगितल्या नाहीत. मला विचारलं होतं आणि मी न वाचता उत्तर दिलं, एवढंच.

त्यानं शिवी दिली नाही, फोन ठेवला नाही. तीही ठेवू शकली नाही. मावशीच्या मांडीवर तिची लेक भुकेनं किरकिरायला लागली, आणि तो आवाज तारेतून तिकडे जाऊ नये म्हणून तारताईनं रिसीव्हरभोवती दोन्ही तळव्यांची ओंजळ केली. पण गेलाच असावा. पलीकडचा श्वास क्षणभर थांबला.

"किती महिन्यांची?" त्यानं विचारलं.

"सात," ती म्हणाली.

नुसती ती पिकपिक येत राहिली. तेवढ्यात शेजारचा दुसरा फोन वाजला. मावशीनं बाळाला खांद्यावर टाकलं, पहिल्याच घंटेला तो उचलला आणि म्हणाली, "बोल गं. कळा कधीपासून येताहेत?"